कोर्टाचा घटस्फोट झाला, पण चर्चच्या वहीत लग्न अजून उभं आहे. लेकीचं दुसरं लग्न कसं करावं?

सदरबझारची_आई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅथलिक. माझं माहेर वसईचं, लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला ३६ वर्षं झाली. इथे आपली माणसं मोजकीच. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) कोण आलं नाही, ते वेदीवरूनही दिसतं. धाकटीचं लग्न २०१८ च्या जानेवारीत इथल्याच चर्चमध्ये लावलं. मुलगा आपल्यातलाच, पुण्यात नोकरीला, ओळखीतून आलेलं स्थळ.

दोन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा मी आई म्हणून नको ते प्रश्न लेकीलाच विचारले. डॉक्टरकडे जा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कर, काय काय सांगितलं. ती गप्प राहायची. पुढे लॉकडाऊनमध्ये दोघं चोवीस तास घरात असताना त्याने तिला सांगून टाकलं, की त्याला मूल कधीच नको होतं. आज नको, उद्या बघू, असं नव्हे. लग्नाआधीच त्याचं पक्कं ठरलेलं होतं आणि धाकट्या भावाला त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. लेकीला, आम्हाला आणि फादरना मात्र नाही. लग्नात फादरनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, देव जी मुलं देईल त्यांचा तुम्ही प्रेमाने स्वीकार कराल का? दोघंही 'होय' म्हणाले होते. त्याचा तो 'होय' माझ्या कानातून जात नाही.

२०२३ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट झाला. आता मिरजेचं एक स्थळ आलंय. प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) घर, शाळेत शिक्षक, बायको २०२१ मध्ये करोनात गेली. शांत माणूस आहे, लेकीला आवडलाय. मी आनंदाने फादरकडे गेले, तर ते म्हणाले, कोर्टाने सरकारदरबारचं लग्न सोडवलं, संस्कार तसाच आहे. आधी पुण्याला धर्मप्रांताच्या न्यायालयात अर्ज करा. ते लग्न मुळात वैध झालं होतं का, हे तिथे तपासतील.

रागाने बोलले नाहीत, समजावूनच बोलले. पण मला दोन गोष्टी खातायत. कोर्टाचा निकाल असताना हे दुसरं कोर्ट कशाला? आणि 'झालंच नव्हतं' असं निघालं, तर माझ्या लेकीची ती पाच वर्षं कोणत्या खात्यात जमा करायची? घटस्फोट झाल्यापासून ती मिस्सात ख्रिस्तप्रसाद (वेदीजवळ मिळणारी पवित्र भाकर) घ्यायला उठत नाही. मागच्या बाकावर बसते. ते मला बघवत नाही.

कृष्णाकाठ

काकू, वाचून वाईट वाटलं. आम्ही माहुलीचे, हिंदू. माझ्या बहिणीचा घटस्फोट झाला आणि दीड वर्षात दुसरं लग्न लागलं. गुरुजींनी मुहूर्त विचारला, बाकी काही नाही. आमच्याकडे सात जन्मांची गाठ म्हणतात, तरी कोर्टाचा कागद सगळ्यांना पुरतो. तुमच्याकडे का पुरत नाही, हे खरंच समजून घ्यायचं आहे.

वसईची_लेक

आई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या लेकीने मागच्या बाकावर बसायचं काहीही कारण नाही! घटस्फोट झालेली पण पुन्हा लग्न न केलेली व्यक्ती ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. नुसत्या कोर्टाच्या घटस्फोटाने कुणी संस्कारांपासून दूर होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतिशिया' या कुटुंबावरच्या उपदेशपत्रात तर अशांना ख्रिस्तप्रसादातून बळ घ्यायला उत्तेजन द्या असं लिहिलंय. हा गैरसमज आमच्या वसईतही घरोघरी आहे आणि त्यापायी किती बायका वर्षानुवर्षं उपाशी राहिल्या, याचा मला फार राग येतो. येत्या रविवारी तिला हाताला धरून पुढे न्या.

@कृष्णाकाठ, प्रश्न चांगला विचारलात. आमच्याकडे गाठ एकाच जन्माची, पण त्या जन्मापुरती पक्की. दोघा बाप्तिस्मा झालेल्यांचं लग्न हा संस्कार मानतात आणि तो संस्कार फादर देत नाहीत, नवरा-नवरी एकमेकांना देतात. फादर ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, वतीने साक्षीला असतात. लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने. वैध लागलेलं आणि पती-पत्नी म्हणून एकत्र आलेलं लग्न मरणाशिवाय कुणी सोडवू शकत नाही. बिशपही नाही, पोपही नाही. देवाने जोडलं ते माणसाने तोडू नये, हे येशूचं वाक्य ख्रिस्तसभा शब्दशः धरून बसली आहे.

म्हणून पुण्याला घटस्फोट मिळत नाही. तिथे मागे जाऊन एकच बघतात, त्या दिवशी वेदीसमोर ती संमती खरी होती का. फसवणूक, धाकदपटशा, लग्नाचा अर्थच पेलण्याची मानसिक कुवत नसणं, किंवा मनातल्या मनात लग्नाचा एखादा गाभा वगळून तोंडाने 'होय' म्हणणं. यातलं काही सिद्ध झालं, तर बंधन जुळलंच नव्हतं असा निर्णय होतो. तुमच्या जावयाचं शेवटचं दिसतंय.

काळाकोट_सांगली

कायद्याची बाजू मी सांगतो. दोन चुली वेगळ्या आहेत, एकीवर शिजलेलं दुसरीवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट १८६९ च्या कायद्याने होतो. २००१ पर्यंत त्यात बाईची अवस्था बिकट होती. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला जोडून क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणं मिळाली आणि परस्परसंमतीचं कलम १०-अ आलं. त्यातही दोन वर्षं वेगळं राहण्याची अट घातली, हिंदू विवाह कायद्यात ती एकच वर्ष आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तफावत चुकीची ठरवून तिथे एक वर्ष केलं.

उलट बाजूही सांगतो. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवलं म्हणून सरकारी कायद्यात ते सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ते स्पष्ट केलंय. चर्चचा कागद घेऊन, कोर्टात न जाता दुसरं लग्न केलेल्यांवर द्विभार्या-द्विभर्ता प्रतिबंधाचा बडगा येऊ शकतो. काकू, तुमचं कोर्टाचं काम आधी झालंय हे उत्तम.

पोवईनाका_२७

मला एक गोष्ट खटकतेय, स्पष्ट बोलतो. त्या माणसाने लपवलं ही फसवणूक, त्यात वादच नाही. पण मूल नको असणं एवढ्यावरून लग्नच झालं नाही म्हणायचं? मी आणि माझी होणारी बायको दोघंही कॅथलिक आहोत, दोघांनी मिळून ठरवलंय की मूल नको. एकमेकांपासून काही लपवलेलं नाही. आम्ही एकमेकांना आयुष्य द्यायला तयार आहोत, तर आमच्या प्रेमात काय कमी आहे? विवाहपूर्व शिबिरात हे विचारलं तेव्हा उत्तर ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही.

वसईची_लेक

@पोवईनाका_२७, तू प्रामाणिकपणे विचारलंस, म्हणून उत्तरही गुळमुळीत देत नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणीत लग्नाला दोन हेतू आहेत, पती-पत्नींचं परस्परांचं भलं आणि अपत्यं. मूल कायमचं वगळून केलेली संमती ही दुसऱ्याच कशाला तरी दिलेली संमती ठरते. दोघांनी मिळून वगळलं तरीही. किती मुलं, कधी, हे ठरवायचा अधिकार जोडप्याचा आहे. गंभीर कारण असेल तर अंतर ठेवा, तेही निसर्गचक्र पाहून, हे १९६८ च्या 'ह्युमाने विते' या पोपच्या पत्रात सांगितलंय. दार कायमचं बंद करू नका, एवढंच मागणं आहे.

आणि हो, ते पाळणं सोपं नाही. माझ्या आजीला नऊ मुलं, मला दोन. नैसर्गिक पद्धतीवर आम्ही दोघांनी खूप भांडणं केलीत आणि त्यातूनच एकमेकांशी बोलायलाही शिकलो. पण म्हणून 'होय' म्हणताना मनात 'नाही' ठेवणं मला जमलं नसतं. तू फादरशी लग्नाआधी बोललास, हे त्या जावयापेक्षा कितीतरी सरळ वागणं आहे. बोलत राहा.

पोवईनाका_२७

उत्तर समजलं. पटलं असं खोटं म्हणत नाही. वेदीसमोर तो प्रश्न येईल तेव्हा खोटं बोलायचं नाही, एवढं मात्र या धाग्याने पक्कं झालं. म्हणजे लग्नाआधी आम्हा दोघांना अजून बसून बोलावं लागणार.

हळदीचं_पेव

लिहू की नको, असं तीन दिवस चाललं होतं. आम्ही सांगलीचे, लग्नाला १७ वर्षं, मूल नाही. तपासण्या, औषधं, वेळणकण्णीचा नवस, सगळं झालं. वरचे प्रतिसाद वाचताना छातीत धस्स झालं. मुलांवरून लग्नाची वैधता ठरत असेल, तर आमचं काय?

वसईची_लेक

@हळदीचं_पेव ताई, माझ्याकडून आधी हे स्पष्ट लिहायला हवं होतं, माफ करा. वंध्यत्वामुळे लग्न अवैध होत नाही, धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, ते स्वच्छ लिहिलंय. मूल होणं आपल्या हातात नाही, त्याला दार उघडं ठेवणं आपल्या हातात आहे. तुम्ही १७ वर्षं ते उघडं ठेवलंत. तुमचा संस्कार पूर्ण आहे, त्यात रतीभर उणं नाही.

हळदीचं_पेव

थँक्यू. ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चहा करून आणला.

सदरबझारची_आई

हळदीचं पेव ताई, तुमचं वाचून मला माझी लाज वाटली. मी लेकीला 'डॉक्टरकडे जा' म्हणत होते तेव्हा तिला काय वाटलं असेल! आज तिची माफी मागितली.

मिरजेचा_तंबोरा

आमचं घराणं चार पिढ्या मिरजेचं. पणजोबा वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलात कामाला होते, तिथूनच मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) आलो. सांगली-मिरज आणि साताऱ्यातही ख्रिस्ती म्हटलं की बहुतेक आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणून आमचीही बाजू इथे यावी.

आम्हीही लग्न देवासमोरचा करार मानतो, पण संस्कार म्हणत नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेत व्यभिचार आणि कायमचा त्याग या कारणांनी घटस्फोट मान्य आहे आणि निर्दोष बाजूने पुन्हा लग्न करायला हरकत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने व्यभिचाराचा अपवाद सांगितलाय, असं आम्ही वाचतो. काकू, मी तुमच्या जागी असतो तर सरळ आमच्या पाळकांकडे आलो असतो. वर आमच्यातलाच आहे. आमचे पाळक लेकीशी बोलतील, कोर्टाचे कागद पाहतील, उपासना होईल, आशीर्वाद मिळेल. जखम झालेल्या पोरीला पुन्हा साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला करुणा दिसत नाही.

अजिंक्यतारा_६३

तंबोरा, तुमचं मन चांगलं आहे, पण मला ते मान्य नाही.

माझी बायको १९९४ मध्ये घर सोडून गेली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. कोर्टात घटस्फोट तिनेच घेतला. मी पुण्याला अर्ज केला नाही, कारण आमची संमती खरी होती हे मला माहीत होतं. तिचीही होती. पुढे जे मोडलं ते नंतर मोडलं. अंगठी अजून बोटात आहे. लोक म्हणाले वेडा आहेस, मुलाला आई आण. मी मुलाला रोज सकाळी डबा करून दिला आणि बोगद्यापर्यंत सायकलवर सोडलं. एकटेपणाने रडलो नाही असं नाही. पण शब्द दिला होता आणि समोरच्याने मोडला म्हणून माझा मोडत नाही, हे मुलाला दिसलं. त्याचं लग्न लागलं तेव्हा तो मला म्हणाला, बाबा, मला या शब्दाचं वजन तुमच्यामुळे कळलं.

आजकाल जो तो म्हणतो, नियम काळाप्रमाणे सैल करा. सैल केला असता तर माझ्यासारख्याच्या तीस वर्षांना काय म्हणायचं?

सदरबझारताई, तुमच्या लेकीचं मात्र वेगळं आहे. तिने शब्द दिला, समोरून आलाच नाही. तिने अर्ज जरूर करावा.

मिरजेचा_तंबोरा

अजिंक्यतारा दादा, तुमच्यापुढे हात जोडतो. मतभेद ठेवूनच.

पेढेवाला_नातू

अवांतर: लग्न कुठल्याही चर्चमध्ये लागो, पेढे साताऱ्याचे कंदीच आणि हळद सांगलीचीच असणार, यावर तरी सर्वांचं एकमत व्हावं. 🙏

कृष्णाकाठ

+१. वसईकडून केकही येऊ द्या.

खंबाटकी_पार

उशिरा आलो, पण आईंचा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिलाय. मी त्या रस्त्याने गेलोय, म्हणून लिहितो.

माझा अर्ज २०१६ मध्ये. आधी दोन न्यायालयांचा सारखाच निर्णय लागायचा, म्हणजे एकाने रद्दबातल ठरवलं तरी दुसऱ्याने पुन्हा तपासायचं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती सक्ती काढली, ८ डिसेंबर २०१५ पासून ते लागू झालं. आता पहिल्या निर्णयावर कुणी अपील केलं नाही तर तोच अंतिम. दोन्ही बाजू राजी असतील आणि पुरावा ढळढळीत असेल, तर बिशप स्वतः निर्णय देतील असा छोटा मार्गही आहे. मला दीड वर्ष लागलं. खर्चासाठी अडवलं नाही, जमेल तेवढं द्या म्हणाले.

पिंजरा म्हणालात, तंबोरा. मलाही तीच भीती होती. प्रत्यक्षात एका साध्या खोलीत टेबल, पाण्याचा तांब्या आणि एक वयस्कर फादर. प्रश्न खोल जातात, हे खरं. लग्न ठरल्यापासून कोण काय बोललं, तुम्ही काय समजलात. एक धर्मगुरू तर बंधनाच्या बाजूने बोलायलाच नेमलेले असतात, लग्न वैध होतं असं म्हणता येईल ते सगळं मांडणं हेच त्यांचं काम. सुरुवातीला ते मला शत्रू वाटले. नंतर वाटलं, माझं लग्न एवढं किमती होतं की त्याच्या वतीने बोलायला कुणीतरी उभं केलंय. कौटुंबिक न्यायालयात आमचा नंबर पुकारला आणि चार मिनिटांत सगळं संपलं होतं. त्या चार मिनिटांत मला कुणीच विचारलं नव्हतं, की काय झालं.

आई, ती पाच वर्षं खोटी ठरत नाहीत. तुमच्या लेकीने खऱ्या मनाने संसार केला, सोसलं, ते सगळं देवाच्या खात्यात आहे. निर्णय फक्त बंधनाबद्दल असतो, माणसाबद्दल नाही. मूल असतं तर तेही औरसच राहिलं असतं, धर्मसंहितेत तसं आहे. मला निर्णयाचा कागद मिळाला त्या दिवशी आनंद नाही झाला, पण सात वर्षं जे मी एकटा घोकत होतो ते दुसऱ्या कुणीतरी ऐकून, तपासून, 'हो, असंच झालं' म्हटलं होतं. कात्रज ओलांडेपर्यंत रडलो.

मुद्द्याचं: लग्नाआधीचं ठरलेलं होतं हे सिद्ध करावं लागेल. लग्नानंतर मत बदललं असेल तर चालत नाही. त्यामुळे त्याचा भाऊ हा तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार. जुने मेसेज असतील तर जपून ठेवा.

काळाकोट_सांगली

खंबाटकी, फार नेमकं लिहिलंत. काकू, भावाला दटावू नका, नम्रपणे विचारा. आणि तंबोरा यांच्या सल्ल्याबद्दल: सरकारी कायद्याने ते लग्न वैध होईलच, पण लेक कॅथलिक राहू इच्छित असेल तर तिच्या ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ते होणार नाही. निर्णय तिचा.

वसईची_लेक

आणि मिरजेचे गुरुजी विधुर आहेत, त्यामुळे त्यांच्या बाजूने काही तपासायचं नाही, मरणाने बंधन संपतं. ते घटस्फोटित असते तर त्यांच्याही पहिल्या लग्नाची चौकशी झाली असती, कारण दोन प्रॉटेस्टंटांचं लग्नही कॅथलिक ख्रिस्तसभा वैध संस्कारच मानते. पुढे आंतरपंथीय लग्नाची बिशपांची परवानगी लागेल. त्यात लेकीने आपली श्रद्धा जपेन आणि मुलांना कॅथलिक वाढवायचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, असं वचन द्यायचं असतं. गुरुजींना सही करावी लागत नाही, पण त्यांना ते माहीत असावं लागतं. हे आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या. एकदा लपवाछपवीने तुम्ही पोळलायत.

सदरबझारची_आई

सर्वांना मनापासून धन्यवाद. लेकीला सगळा धागा वाचायला दिला. तंबोरा दादा, तुमच्या पाळकांकडे जायचा विचार तिच्यासमोर मी स्वतः ठेवला. ती म्हणाली, आई, मला परवानगी नकोय, मला कुणीतरी विचारायला हवंय. खंबाटकी दादांचं ते चार मिनिटांचं वाचून ती उठून आत गेली आणि वही घेऊन बसली. मराठीतच लिहितेय, चालेल ना? भावाला तिने स्वतः फोन केला. विचार करून सांगतो म्हणालाय, नाही म्हणाला नाही. गुरुजींनाही मुलांच्या वचनाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, माझी आई दर रविवारी मंडळीत जाते, तिला मी समजावीन, मला थोडा वेळ द्या.

रविवारी ती पुढे आली. माझ्या मागेच रांगेत होती.

खंबाटकी_पार

मराठी चालतं, माझं सगळं मराठीतच होतं. एक करा, अर्जाबरोबर बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला लागतो, घरातला जुना चालत नाही. बाप्तिस्मा जिथे झाला तिथूनच आणावा लागेल.

सदरबझारची_आई

वसईहून लिहिते आहे. धाकटीचं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून तिचा बाप्तिस्मा इथला. सकाळी चर्चच्या ऑफिसात जाडजूड वही काढली. तिचं नाव, आमची नावं, माझ्या भावाचं नाव बाप्तिस्म्याचा पिता म्हणून. शेजारच्या समासात, वेगळ्या शाईत, २०१८ चं लग्न, सातारा. कारकून म्हणाले, निर्णय झाला की तोही इथेच नोंदवतात, त्याच समासात खाली. खाली जागा बरीच आहे.

दाखला मिळाला. उद्याच्या गाडीने साताऱ्याला येते, सोमवारी दोघी पुण्याला.